शंभर काड्यांमागे किती तुरे

गवत उगवायला सरकारची गरज पडत नाही. ते उगवले आहे हे सिद्ध करायला मात्र पडते, आणि त्यासाठी एक उपकेंद्र, एक पाटी, एक चौकीदार आणि निदान एक पीएच.डी. एवढा किमान सरंजाम लागतो. ज्या देशांनी हे वेळीच ओळखले नाही, त्यांच्याकडे आज नुसतेच गवत आहे.

आपल्याकडे ती चूक झाली नाही. सत्तरच्या दशकात खाडीच्या या बाजूला भातखाचरे आणि मिठागरे बुजवून नवे शहर वसवायचे ठरले, तेव्हा नकाशावर जागोजागी हिरवा रंग भरण्यात आला. नकाशा फार सुरेख होता. हा रंग पुढे जमिनीवरही आणावा लागणार, हे एका कारकुनाच्या लक्षात आले. (त्याची लगेच लांब कुठेतरी बदली झाली, पण तोवर टिपणी वर गेली होती.) परदेशातून हिरवळीचे बियाणे मागवून पेरले गेले. ते खाऱ्या जमिनीत उगवले, रबाळ्याच्या कारखान्यांचा धूर त्याने चार दिवस हुंगला आणि पिवळे पडून त्याने मान टाकली. तेव्हा हिरवळीच्या बाबतीत देशाने आपल्या पायांवर उभे राहावे असे ठरले, आणि १९७७ साली कोपरखैरणे गावाच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला 'नवनगर हिरवळ संशोधन उपकेंद्र' स्थापन झाले. (मुख्य केंद्र कुठे आहे, हे विचारायची पद्धत नव्हती.)

उपकेंद्राला संशोधनासाठी गवत नेमून दिले ते हरळी. हरळी म्हणजे दूर्वा. देवघरात दूर्वा, शेतात हरळी. तिच्या मुळाचा तुकडा जिथे पडेल तिथे ती उगवते, उपटली तरी उगवते, जाळली तरी उगवते. अशा गवताला उगवायला शिकवणे हे काम सोपे नव्हते. त्यातून आदेशात लिहिले होते की हिरवळ मऊ, आखूड आणि बिनतुऱ्याची असावी, आणि तिने बियाणे भरपूर द्यावे. बी तुऱ्यालाच धरते, अशी शंका खालून आली. तिच्यावर वरून शेरा आला, 'संशोधन त्यासाठीच आहे.' मुळांच्या तुकड्यांनी हरळी फुकटात लागते, मग बी हवे कशाला, अशीही एक शंका होती. पण बियाण्याचे पाकीट करता येते आणि पाकिटाचे उद्घाटन करता येते, मुळाच्या तुकड्याचे काय करणार? शंका मिटली.

या कामावर नेमलेले डॉ. नंदकिशोर कुलथे हे नगरकडचे, वयाने पस्तिशीचे आणि हुद्द्याने 'सहायक तृणशास्त्रज्ञ (अस्थायी)'. माणूस सज्जन. इतका सज्जन, की बसमध्ये कंडक्टर तिकीट द्यायला विसरला तर हा उतरल्यावर बसमागे धावायचा. कोपरखैरणे गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन ते बायको वैजयंती आणि मुलगी सुचित्रा यांच्यासह राहत. संडास सार्वजनिक, घरापासून लांब, आणि सकाळी तिथे डबे हातात धरून जी रांग लागे तिच्यात सहायक तृणशास्त्रज्ञालाही वशिला नव्हता.

आता या गोष्टीत कुणाचे काय अडले होते, ते सरळ सांगून टाकतो. आदेशाच्या शेवटी एक कलम होते. या गवताच्या बीजोत्पादनाची आनुवंशिकता साठ टक्क्यांच्या वर गेली, तर उपकेंद्र आणि त्यातली अस्थायी पदे कायम होतील. न गेल्यास दोन्ही गुंडाळण्यात येतील. कायम होणाऱ्याला वाशीत फ्लॅट. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी, आणि संडास घरात. वैजयंतीबाई तो फ्लॅट बाहेरून दोनदा पाहून आल्या होत्या. देव्हारा कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा तेही त्यांनी खिडकीतून डोकावून ठरवले होते. गुंडाळले गेले तर मात्र सामान बांधून परत नगर, आणि तिथे सासऱ्यांच्या किराणा दुकानात पुड्या बांधणे. म्हणजे एका बाजूला घरातला संडास आणि दुसऱ्या बाजूला सासऱ्यांच्या पुड्या, आणि मधोमध ते गवत.

आनुवंशिकता म्हणजे फार अवघड काही नाही हो. एखादे रोप जास्त बी देते ते आईबापांच्या गुणाने, की मिळालेल्या खतपाण्याने, याचा निवाडा. कुलथ्यांनी आसपासची हरळी धुंडाळून भरपूर तुरे धरणारी रोपे निवडली आणि त्यांच्या बियांचा एक वाफा फाटकाजवळ पूर्वेला केला. तो 'निवड वाफा'. साध्या, गुणहीन हरळीचा दुसरा वाफा इमारतीमागे केला. तो 'तुलना वाफा'. दोघांना ऊन तेच, पाणी तेच, शेणखत तेवढेच. फरक पडला तर तो रक्ताचाच असणार. मागचा वाफा कर्मचाऱ्यांच्या संडासाला लागून होता, पण विज्ञानाला त्याचे सोयरसुतक नव्हते.

हरळीचे बी खसखशीहून बारीक. उपकेंद्राचा तराजू रेशन दुकानातून आणलेला, तो पावशेराखालच्या वस्तूंची दखल घेत नसे. म्हणून उपसंचालक जयप्रकाश मोहोळकर यांनी मोजणीची सुटसुटीत रीत घालून दिली. वाफ्यावर लाकडी चौकट टाकायची आणि तिच्यात शंभर काड्यांमागे किती काड्यांना तुरे आहेत ते मोजायचे. तुरा म्हणजे बी, हे गृहीत धरायचे. रीत इतकी सोपी होती की तिच्यात चूक निघणे शक्यच नव्हते.

वाफ्यांची देखभाल शेवंताबाईकडे. ही गावातलीच आगरी बाई, हजेरीपटावर. पहिल्या दिवशी तिला काम समजावून सांगितले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला.

"हरली? सायेब, आमी ही जल्मभर उपटूनशी फेकतो. तुमी तिला पानी घालनार?"

"बाई, ही सुधारित होणार आहे."

"मंग सुधारली का उपटायला लय तरास देईल, येवरा ध्यानात ठेवा," असे म्हणून तिने झारी उचलली.

पहिले काही महिने निवड वाफ्यात शंभराला तीस तुरे निघाले आणि मागच्या वाफ्यातही तीसच. आनुवंशिकता शून्य. कुलथ्यांचा चेहरा उतरला, जेवण तुटले. रात्री झोपेत ते "चौकट, चौकट" असे पुटपुटत. आणि मग, काय सांगावे, एका महिन्यात एकदम फरक पडला. निवड वाफा बेचाळीसवर गेला, पुढच्या महिन्यात पंचावन्नवर, त्याच्या पुढच्या महिन्यात सदुसष्टवर. मागचा वाफा आपला तीसवर बसून. ऊन तेच, पाणी तेच, शेणखत तेवढेच! कुलथ्यांनी सात वेळा मोजले. मोहोळकरांनी पेढे मागवले. 'खाऱ्या जमिनीतील हरळीची सुप्त कुलीनता' या विषयावर निबंध लिहिला गेला, आणि बहर नेहमी वद्य पंचमीलाच दिसतो हे ध्यानात घेऊन त्यात चंद्रकलांच्या परिणामावर दोन पाने जोडण्यात आली.

बहर वद्य पंचमीला दिसे याचे कारण मोजणी वद्य पंचमीलाच होत असे. आणि ती पंचमीला होत असे, कारण आदल्या दिवशी मुंबईच्या कचेरीत मासिक आढावा बैठक असे. मोहोळकरांना कडक संकष्टी होती. पोट रिकामे असले की डोके चालते, असे ते म्हणत. खरे म्हणजे चंद्रोदयापर्यंत वेळ काढायचा तर हाताखालच्या माणसांचा आढावा घेण्यासारखे साधन नाही. तेव्हा दर संकष्टीला कुलथे सकाळी मुंबईला जात, रात्री परत येत आणि बैठकीत झालेल्या कानउघाडणीच्या जोरावर दुसऱ्या दिवशी लख्ख मोजणी करत.

आता त्या सकाळी ते मुंबईला गेल्यावर उपकेंद्रात काय होई, तेही सांगतो.

नवऱ्याचे जेवण तुटले तेव्हा वैजयंतीबाईंनी गणपतीला नवस बोलला. ह्यांच्या गवताला बी धरू दे, नोकरी कायम होऊ दे. होईपर्यंत दर संकष्टीला सहस्र दूर्वा वाहीन. हजार दूर्वा आणायच्या कुठून? गावात म्हशी, रस्त्यावर खडी, खाडीकडे चिखल. अख्ख्या पंचक्रोशीत स्वच्छ, कुंपणातली, जनावराने तोंड न लावलेली हरळी एकाच ठिकाणी होती. चौकीदार युसुफ रायगडकडचा, मोठा अदबशीर. त्याने फाटक उघडले. "या वहिनी. साहेब नाहीत, बिनधास्त तोडा. मी बकरी पण फिरकू देत नाही इथं." पुढच्या संकष्टीला शेजारणी आल्या, त्याच्या पुढच्या संकष्टीला वाशीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मालतीबाईसुद्धा आपल्या दूर्वांसाठी परडी घेऊन आल्या. मागच्या वाफ्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. संडासाजवळच्या दूर्वा देवाला? शी!

आणि देवाला दूर्वा कशा लागतात, हे मराठी घरात सांगावे लागत नाही. कोवळ्या. तुरा धरलेली काडी चालत नाही. तेव्हा बायका तुरेवाल्या काड्या तेवढ्या जिथल्या तिथे ठेवून बाकीच्या खुडून नेत. राहील त्यात शंभराला किती तुरे निघणार, ते तुम्हीच सांगा. म्हणजे दोन वाफ्यांत फरक होता तो सोवळ्याओवळ्याचा. पण तशी व्याख्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. पुरावा दर महिन्याला कुलथ्यांच्या डोळ्यांसमोर देवाच्या मस्तकावर रचलेला असे. ते त्याला ओवाळत, मनोभावे हात जोडत आणि मोदक खात. माझ्या प्रयोगात देवधर्म आणायचा नाही, अशी घरात सक्त ताकीद त्यांनी दिलेली होती, म्हणून दूर्वा कुठून येतात हे त्यांना कुणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही कधी विचारले नव्हते.

सगळे छान चालले होते. पण १९७९ साली तपासणी समितीची तारीख आली ती सोमवारची, आणि संकष्टी मंगळवारी. अंगारकी! महिनाभर वाफ्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. शनिवारी कुलथ्यांनी सहज म्हणून चौकट टाकली. निवड वाफा, शंभराला एकतीस. ते धावत मागच्या वाफ्याकडे गेले. शंभराला तीस. चष्मा पुसून पुन्हा मोजले, मग युसुफला मोजायला लावले. त्याचे एकोणतीसच भरले.

घरी आले ते भिंतीला टेकून बसले. वैजयंतीबाईंनी पाणी दिले, ते तसेच हातात राहिले.

"अहो, झालं काय?"

"तुरे गेले. कुळाचा गुण एका महिन्यात गेला. असं होत नाही गं. असं होऊच शकत नाही."

सुचित्रा तेव्हा पाचवीत होती. समोर शेकडेवारीची गणिते घेऊन बसली होती आणि नेहमीप्रमाणे एकही सुटत नव्हते. गणितात पोरीचे डोके मुळीच चालत नसे. दूर्वा खुडण्यात मात्र तिचा हात कुणी धरला नसता. पेन्सिल चावत ती म्हणाली, "गेले नाहीत बाबा. मधे कोवळ्या वाढल्यात, म्हणून तसं दिसतंय. मंगळवारी आम्ही तोडल्या की होईल नीट."

"आम्ही म्हणजे कोण?"

स्टोव्हजवळ वैजयंतीबाईंचा हात थांबला.

"आम्ही म्हणजे सगळ्याच. तुरेवाली तोडायची नसते ना, गणपतीला चालत नाही. मग नुसत्या तुरेवाल्याच उरतात," सुचित्राने सांगितले, आणि पुन्हा शेकडेवारीशी झटायला लागली.

अडीच वर्षांचे संशोधन, निबंध, चंद्रकला, मोहोळकरांचे पेढे, सगळे कुलथ्यांच्या डोळ्यांसमोरून सरकत गेले. "मी सांगितलं होतं!" ते ओरडले. "माझ्या प्रयोगात देव नको म्हणून सांगितलं होतं!"

"देव कुठं आला हो तुमच्या प्रयोगात? आम्हीच आलो," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आणि वाईट काय झालं? ऐकलं ना त्यानं?" आणि त्यांना रडू कोसळले, कारण तो फ्लॅट, ती गॅलरी, तो देव्हाऱ्याचा कोपरा सगळेच त्यांना जाताना दिसत होते.

कुलथे सज्जन होते हे मी आधीच सांगितले आहे. समितीला खरे काय ते कळवायचे, असे त्यांनी त्याच क्षणी ठरवले. कागद घेतला, 'महोदय' लिहिले, पुढे स्वल्पविराम दिला. पहाटे पोटात कळ आली म्हणून डबा घेऊन निघाले, तर रांगेत पुढे अकरा माणसे. एकाने बिडी पेटवली, दुसऱ्याने विचारले, "काय साहेब, वाशीला कधी जाताय?" कुलथे रांग सोडून परत आले आणि बायकोला हलवून उठवले.

"अंगारकीचा नवस दोन दिवस आधी फेडला तर चालतो का गं?"

वैजयंतीबाईंनी डोळे चोळले. "देवाला भाव लागतो. तारीख तुमच्या समितीला लागते."

त्या रविवारी उपकेंद्रात सामुदायिक सहस्र दूर्वार्चन झाले. अशी लगबग त्या जागेने कधी पाहिली नव्हती. मालतीबाईंनी बायकांच्या रांगा लावून वाफ्याचे चौकोन वाटून दिले. सुचित्रा दोन्ही हातांनी खुडत होती. आणि वाफ्याच्या मधोमध, स्नान करून, सोवळे नेसून, पीएच.डी.ला कमावलेल्या नजरेने बिनतुऱ्याची एकेक काडी टिपत डॉ. कुलथे उकिडवे बसले होते. युसुफने फाटकातून पाहिले. "साहेब, तुम्ही पण?" त्याने विचारले, आणि तो आदराने रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

सोमवारी समिती आली. तिघे सदस्य, दोन शहाळी प्रत्येकी. चौकट टाकली. शंभराला शहाण्णव! मागच्या वाफ्यात तीस, तिथे सदस्य नाकाला रुमाल लावून लांबूनच गेले. आकडेमोड झाली, आणि बीजोत्पादनाची आनुवंशिकता एकशे अठरा टक्के भरली.

"हे शंभराच्या वर कसं?" एका सदस्याने विचारले. "म्हणजे आईबापांकडे होतं त्याहून जास्त मुलांना मिळालं?"

मोहोळकर पुढे झाले. "प्रगती म्हणतात ती हीच," ते म्हणाले. सदस्यांनी माना डोलावल्या आणि विनयाचा भाग म्हणून आकडा सत्त्याण्णववर आणण्यात आला. एक सदस्य चाचणीसाठी हिरवळीवर बसले आणि ताडकन उठले, कारण वाफ्यात नुसत्या टोचणाऱ्या काड्याच उरल्या होत्या. अहवालात त्याचीही नोंद झाली: 'या जातीमुळे सार्वजनिक उद्यानात बसून राहण्याच्या नागरिकांच्या प्रवृत्तीस आपोआप आळा बसेल.'

पुढचे सगळे रीतसर झाले. जातीला 'नवहरिता' नाव मिळाले. पाकिटे झाली, उद्घाटने झाली. वाशीपासून नावड्यापर्यंत जिथे मोकळी जागा होती तिथे बी पेरले गेले आणि पावसाळ्यानंतर सगळीकडे हरळी उगवली. नाही पेरले तिथेही उगवली. यशाचे प्रमाण शंभर टक्क्यांहून जास्त आहे, असे पत्रकात म्हटले होते आणि त्यात तसूभरही खोटे नव्हते. शेवंताबाईला कायम करण्यात आले आणि वाशीच्या अधिकारी वसाहतीत गुलाबाच्या वाफ्यांवर नेमले, तिथली नवहरिता उपटायला. "सायेब, पेरायचा बी पगार, उपटायचा बी पगार," ती म्हणाली. "तुमचा गवात लय गुनाचा हाय."

कुलथे कायम झाले. फ्लॅट मिळाला. पहिल्या सकाळी घरातल्या संडासात ते अर्धा तास विनाकारण बसून राहिले. सुचित्राला मालतीबाईंच्या शाळेत घातले, आणि पूर्वीच्या ओळखीमुळे प्रवेशाला काही अडचण आली नाही.

मालतीबाई फार कर्तबगार बाई. त्यांच्या शाळेचा दहावीचा निकाल तेव्हा एकसष्ट टक्के लागत असे आणि तो आकडा त्यांना बोचत होता. एका स्नेहसंमेलनाला त्यांनी 'निवडीचे शास्त्र' या विषयावर डॉ. कुलथ्यांचे व्याख्यान ठेवले. कुलथे खुलले. सत्कार म्हटले की माणूस खुलतोच. ऊन तेच, पाणी तेच, पण निवड काटेकोर हवी, असे ते तासभर बोलले. मालतीबाई पहिल्या रांगेत बसून मंद हसत होत्या. त्या वाफ्यात स्वतः बसलेल्या होत्या, त्यांना व्याख्यानातले सगळे कळले आणि व्याख्यानात नसलेलेही कळले.

त्या वर्षापासून नववीत कच्चे असलेल्यांच्या पालकांना शाळेत बोलावून प्रेमाने चहा दिला जाऊ लागला, आणि दाखला काढून पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसा, असे सुचवले जाऊ लागले. पोरे गेली. निकाल चौऱ्याहत्तर लागला, मग एकोणनव्वद, मग शंभर. शिक्षक तेच, फळे तेच, खडूही तेवढेच! फाटकावर मोठ्ठा फलक लागला. पालक सल्लागार समितीचे अध्यक्ष डॉ. कुलथे दर वर्षी अभिनंदनाचा ठराव मांडत आणि टाळ्यांत तो संमत होई. गेलेल्या पोरांचे काय झाले असे कुणी विचारले नाही, कारण ती टक्केवारीत नव्हती.

१९८४ च्या जूनमध्ये मालतीबाईंनी कुलथ्यांना बोलावले. चहा आला. सोबत बिस्किटेही होती, अध्यक्ष म्हणून.

"सुचित्राचं गणित तुम्हाला माहीत आहेच," मालतीबाई म्हणाल्या. "सतरा नंबरचा फॉर्म भरून टाका. घरी अभ्यास करील शांतपणे."

"बाई, पाचवीपासून तुमच्याकडे आहे ती." कुलथे म्हणाले. "मी अध्यक्ष आहे. लोक काय म्हणतील? आणि तिला काय वाटेल?"

"वाईट मलाही वाटतं हो. गोड पोर आहे." त्या खरेच हळहळल्या. "पण साहेब, त्या रविवारी वाफ्यात तुम्ही माझ्या शेजारीच बसला होता. एखादी काडी ओळखीची म्हणून ठेवली होतीत का?"

कुलथ्यांनी बिस्कीट चहात बुडवले आणि ते आत पडून विरघळले.

व्हरांड्यात सुचित्रा दप्तर धरून उभी होती. बापाचा चेहरा पाहून तिला सगळे कळले. गणितात कच्ची असली तरी वजाबाकी तिला येत होती. जिन्यावरून उतरताना ती म्हणाली, "बाबा, आपण ज्या खुडायचो ना, त्या काही वाईट नव्हत्या. गणपतीला त्याच लागायच्या."

कुलथ्यांनी भर रस्त्यात, माणसांदेखत डोळ्यांना रुमाल लावला.

माणसे पुष्कळ होती, कारण फाटकाबाहेर पाचवीच्या प्रवेशाची रांग लागली होती. मुंबईतून, कोकणातून, देशावरून नव्या फ्लॅटांत राहायला आलेली चांगली, सुशिक्षित, मुलांच्या भविष्याची काळजी वाहणारी माणसे. त्या रांगेत तुम्हीही होतात. तुमचे लेकरू तुमचे बोट धरून उभे होते. तुम्ही त्याला फाटकावरचा फलक मोठ्याने वाचून दाखवलात आणि म्हणालात, "बघ, ह्या शाळेत कुणीसुद्धा नापास होत नाही." ते अगदी खरे होते. तेवढ्यात दप्तर छातीशी धरलेली एक मुलगी आणि तिचा बाप आतून बाहेर आले. त्यांना वाट द्यायला तुम्ही जरासे बाजूला झालात, आणि नंबर जाईल म्हणून लगेच पुढे सरकलात.